फोटो काढण्यापेक्षा निवडण्यात जास्त मजा येते, यावर करिअर होतं का?

पुरवणीवाली:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी एका वर्तमानपत्रात डेस्कवर आहे, सात वर्षं झाली, पुरवणी बघते. कॉपी तपासायची, मथळे द्यायचे, पान लावताना आर्टिस्टच्या खुर्चीमागे उभं राहून हे जरा वर घे ते खाली घे करायचं, सगळं चालतं. दोन वर्षांपूर्वी हौसेनं कॅमेरा घेतला, डॉक्युमेंटरी फोटोग्राफीची दोन-तीन वर्कशॉप केली, आणि प्रामाणिकपणे सांगते, माझे फोटो ठीकठाक असतात, त्यापुढे काही नाही. फोकस बरोबर, उजेड बरोबर, आणि बघून काहीही वाटत नाही असे. पण शेवटच्या वर्कशॉपला सगळ्यांचे प्रिंट टेबलावर पसरून त्यातून एक सलग मालिका लावायची होती, तेव्हा मी जेवायला उठलेच नाही. हा काढला की शेजारचा अचानक बोलायला लागतो, हे दोन जवळ आणले की दोघंही मरतात, असं काहीतरी दिसायला लागलं आणि रात्री झोपच येईना. नंतर त्यावर दोन पानं लिहूनही काढली, कुणाला दाखवली नाहीत.

तर प्रश्न असे की डॉक्युमेंटरी फोटोंचा संपादक आणि समीक्षक, हे खरंच कुणी पूर्णवेळ करतं का? त्यासाठी स्वतः चांगला फोटोग्राफर असावं लागतं का? आणि दोन्ही एकाच माणसानं केलं तर चालतं का, म्हणजे ज्यांचे फोटो लावायचे त्यांच्यावरच लिहायचं?

विचारायला निमित्त झालंय. एक मैत्रीण चार वर्षं रात्रपाळीत काम करणाऱ्या बायकांवर काम करतेय. परवा तिने ३४० फोटो माझ्या हातात दिले आणि म्हणाली तूच लाव, मला आता काही दिसत नाही. हो म्हणून बसलेय आणि आता पोटात गोळा आलाय.

जुना लाईटटेबल:
वयाचा फायदा घेऊन अरेतुरे करतो, राग मानू नकोस. एकतीस वर्षं पिक्चर डेस्कवर काढली, त्यातली पहिली बरीचशी लाईटटेबलवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या टेबलावर वाकून आणि डोळ्याला लूप, म्हणजे छोटं भिंग लावून, चष्म्याचा नंबर तिथलाच.

आपल्या भाषेत एक गंमत आहे बघ. फोटोग्राफर फोटो काढतो. आणि संपादकही फोटोच काढतो, फक्त तो ढिगातून काढतो. क्रियापद तेच, काम उलटं. तुला ते दुसरं काढणं जमतंय असं दिसतंय, त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस.

रॉबर्ट फ्रँक या फोटोग्राफरचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो कारण त्यापेक्षा चांगलं मला माहीत नाही. १९५५ आणि ५६ मध्ये माणूस अमेरिकाभर गाडी घेऊन हिंडला, ७६७ रोल संपवले, म्हणजे सत्तावीस हजारांच्या आसपास फ्रेम. त्यातून हजारेक कामचलाऊ प्रिंट केले, भिंतीवर टाचले, जमिनीवर पसरले, महिनोन्महिने हलवत बसला. त्याच्या ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात आले ८३. बाकीचे वाईट होते म्हणून गेले असं समजू नकोस, त्यातल्या कित्येकांवर दुसऱ्या कुणी अख्खं करिअर केलं असतं. त्या ८३ मध्ये एके ठिकाणी कव्हर घालून ठेवलेली गाडी आहे, दोन बाजूला दोन ताडाची झाडं, शांत फोटो, नीट नेटका. पान उलटलं की रस्त्याकडेला अपघातात गेलेला माणूस चादरीखाली झाकलेला, बाजूला लोक उभे. पहिल्या फोटोतल्या गाडीला तोवर तू काहीच म्हणत नव्हतीस, आणि आता तिच्याकडे परत जायची इच्छा होते पण धीर होत नाही. हे कॅमेऱ्यानं झालेलं नाही, हे टेबलावर झालंय.

ढिगातून काढण्याची मस्ती चढते तेही सांगतो. रॉय स्ट्रायकर, अमेरिकेतल्या मंदीच्या काळात सरकारी खात्यातर्फे खेड्यापाड्यांचे फोटो काढून घेणाऱ्या विभागाचा प्रमुख. स्वतः फोटोग्राफर नाही, अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. डोरोथिया लँग, वॉकर एव्हान्स अशी माणसं त्याच्याकडे कामाला होती. पसंत नसलेल्या निगेटिव्हला हा पहिली काही वर्षं सरळ पंच मारायचा, मधोमध भोक. फोटोग्राफर चिडले, भांडले, मग ते थांबलं. आज त्या संग्रहातल्या पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि भोक पाडलेल्याही लोक मुद्दाम उघडून बघतात, चेहऱ्यावर काळा गोल आलेला, बघवत नाही. म्हणून माझा पहिला नियम, नको म्हणून बाजूला ठेव पण भोक पाडू नकोस. दहा वर्षांनी तुझीच नजर बदललेली असते.

आता तुझ्या ३४० चं बोलू. स्क्रीनवर करू नकोस. पोस्टकार्डाएवढे स्वस्तातले प्रिंट मार, जमिनीवर पसर, चपला बाहेर. पहिल्या फेरीत विचार करायचा नाही, हात जाईल तसे तीन ढीग, पाहिजेच, बघू, नको. मग दोन दिवस तिकडे फिरकायचं नाही. परत आल्यावर आधी नकोचा ढीग उघडायचा, त्यात हमखास तीन-चार निघतात जे पहिल्या दिवशी फार गप्प वाटले होते. मग एकच गोष्ट सांगणारे फोटो शोधायचे, दमलेली बाई खिडकीशी, दमलेली बाई बसमध्ये, दमलेली बाई जिन्यावर, तिन्ही सुंदर असतील तरी वाचकाला पहिल्यातच कळलंय की बाई दमलीय. एक ठेव. आणि सगळ्यात भारी फोटो पहिला लावू नकोस, पहिल्या फोटोनं दार नुसतं किलकिलं करायचं असतं. मध्ये जोडफोटो लागतात, रिकामी खुर्ची, घड्याळ, हातमोजे, एकेकटे काहीच नसतात पण ते नसतील तर माणसाला दम लागतो. तुम्ही लेखात परिच्छेद पाडता ना, तसंच.

मैत्रीण कुठल्या फोटोला धरून बसलीय ते आधीच विचारून ठेव. प्रत्येकाचा एक असतो. तो बहुतेक वेळा काढावा लागतो, कारण त्याला तो मिळवताना झालेला त्रास आठवत असतो आणि वाचकाला तो त्रास दिसत नाही.

शटरबंद:
छान छान चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो.

मी फोटोग्राफर होतो, आता नाही. एका मासिकासाठी चौदा फोटोंची मालिका दिली होती, आठ महिन्यांचं काम. छापून आले तीन, त्यातला एक उभा होता तो आडवा कापलेला, आणि फोटोओळीत जी बाई जिवंत होती तिला कैलासवासी केलेलं. विचारलं कुणी? नाही. फोन केला तर संपादक म्हणतात जागाच नव्हती हो. जागा नव्हती हे समजू शकतो पण बाई कशी गेली? त्या बाईच्या घरी मी जाऊन माफी मागितली, संपादक नाही गेले.

युजीन स्मिथ या फोटोग्राफरनं १९५४ मध्ये लाईफ हे अमेरिकन सचित्र मासिक सोडलं ते याच कारणानं, आफ्रिकेत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर श्वाइट्झरवरची त्याची मालिका त्यांनी कशी लावली यावरून. त्यामुळे संपादक लोकांना काढण्याची मजा येते वगैरे वाचलं की माझं डोकं फिरतं.

आणि करिअरचं विचाराल तर शिकागो सन-टाइम्सनं २०१३ मध्ये एका दिवसात अख्खा फोटो विभाग काढला, २८ पूर्णवेळ फोटोग्राफर. बातमीदारांना सांगितलं मोबाईलवर फोटो काढा. फोटोग्राफरच नाहीत तिथे त्यांचे फोटो निवडणारा कशाला लागतोय? समीक्षेचं तर बोलूच नका, ती फोटोग्राफर आणि त्याचे चार मित्र वाचतात. हौस म्हणून करा, नोकरी सोडू नका.

जुना लाईटटेबल:
शटरबंद, ते फोटोओळीचं वाचून लाज वाटली, मी तिथे नव्हतो तरी. तुमचं बरोबर आहे.

पण स्मिथचं अर्धंच सांगितलंत. त्याच मालिकेतला श्वाइट्झरचा जो गाजलेला फोटो आहे, लाकडं रचताहेत तिथला, त्यात खाली कोपऱ्यात करवतीची मूठ आणि हात दिसतो तो दुसऱ्याच निगेटिव्हमधून आणून बसवलेला. संपादकाला पत्ता नाही. आणि लाईफ सोडल्यावर पिट्सबर्गचं काम घेतलं, स्टेफान लोरांट नावाच्या संपादकानं शंभरेक फोटो मागितले होते, काही आठवड्यांचं काम. हा तिथे कित्येक महिने राहिला, हजारो फ्रेम काढल्या आणि मग वर्षानुवर्षं मांडत बसला. शेवटी १९५९ च्या एका वार्षिकात स्वतःच्या हातानं पानं लावायची मोकळीक मिळाली, एकही संपादक आडवा आला नाही, आणि त्यानं स्वतःच ते काम फसलं म्हणून सांगितलं. एवढा मोठा माणूस. स्वतःचे फोटो स्वतःला काढता येत नाहीत हो, कुणीतरी लागतं. फक्त ते कुणीतरी फोन उचलणारं असावं.

समासातली:
वा, बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा. मी दुसऱ्या बाजूची, लिहिणारी. फोटोंवर लिहायला लागून पंधरा-सोळा वर्षं झाली, आणि पुस्तकांचं संपादनही करते. पुरवणीवाली, तुमच्या प्रश्नांची उत्तरं उलट्या क्रमानं देते कारण पैशाचं आधी सांगितलं तर पुढचं कुणी वाचणार नाही.

दोन्ही एकानं करावं का? करतात. पण ज्याचे फोटो मी लावले त्याच्यावर मी परीक्षण लिहीत नाही, एवढी रेघ ओढून घेतलीय. प्रस्तावना लिहिली तर तिथे सरळ सांगते की पुस्तक मीच लावलंय. हे जग लहान आहे, ज्याच्यावर आज लिहिलं तो उद्या ज्युरीत शेजारी बसतो, त्यामुळे ही रेघ आधीच ओढलेली बरी, नंतर ओढायला गेलं की मैत्री तुटते.

चांगला फोटोग्राफर असावं लागतं का? दोन माणसं बघा. जॉन झारकोवस्की, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९६२ पासून १९९१ पर्यंत फोटोग्राफी विभागाचे प्रमुख, ते स्वतः पक्के फोटोग्राफर होते. १९६७ मध्ये डायन आर्बस, ली फ्रीडलँडर, गॅरी विनोग्रँड या तिघांना एकत्र भिंतीवर आणलं आणि डॉक्युमेंटरी म्हणजे जग सुधारायचं साधन या समजुतीला धक्का दिला. दुसरीकडे ए. डी. कोलमन, त्यांचं नाव लिहिण्यासाठीच आहे. १९६८ मध्ये व्हिलेज व्हॉइस या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात सदर सुरू केलं, मग १९७० ते ७४ न्यूयॉर्क टाइम्समध्ये. फोटोवर नाटक-सिनेमासारखं नियमित परीक्षण यावं ही गोष्टच तेव्हा नवीन होती.

शटरबंद म्हणतात समीक्षा चार जण वाचतात. असेल. पण याच कोलमननी २०१४ पासून एक प्रकरण धसास लावलं ते सांगते. युद्धाचे फोटो काढणाऱ्या रॉबर्ट कापानं ६ जून १९४४ ला, दुसऱ्या महायुद्धात सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तेव्हा काढलेले ते हललेले फोटो सगळ्यांना माहीत आहेत. सत्तर वर्षं गोष्ट अशी की चार रोल होते, लंडनच्या डार्करूममधल्या पोरानं घाईत वाळवणीच्या कपाटाचं दार बंद केलं, उष्णतेनं फिल्म वितळली आणि दहा-अकराच फोटो वाचले. लाईफचे तिथले पिक्चर एडिटर जॉन मॉरिस ही गोष्ट जन्मभर सांगत आले. कोलमन आणि त्यांच्या सोबत्यांनी फिल्म तशी वितळतच नाही इथपासून सुरुवात करून एकेक धागा उसवला, आणि त्यांचं म्हणणं असं की बाकीचे फोटो मुळात काढलेच गेले नसावेत. मॉरिस तेव्हा नव्वदी ओलांडलेले, त्यांनीही नंतर ती शक्यता मान्य केली. मला यात मॉरिस लबाड वाटत नाहीत, याच माणसानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये असताना १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धात सायगावच्या रस्त्यावर गोळी घातल्याचा एडी अ‍ॅडम्सचा फोटो पहिल्या पानावर जावा म्हणून जोर लावला होता. पण आवडती गोष्ट तपासायची कुणाला इच्छा नसते आणि समीक्षकाचं निम्मं काम तेच आहे.

लिहायचं कसं, तर तुमची ती दोन पानं काढा आणि त्यात बोलका, काळजाला भिडणारा, क्षण टिपलाय, अंगावर काटा हे शब्द कितीदा आलेत मोजा. लाल पेनानं खोडा. मग फोटोत काय आहे ते लिहा. कोण कुठे बघतंय, उजेड कुठून येतोय, कॅमेरा किती उंचीवर आहे, फोटोग्राफर उभा आहे की उकिडवा, त्या माणसाला तो दिसतोय का. एवढं लिहून झालं की निम्मी समीक्षा आपोआप झालेली असते. झारकोवस्कींनी एका पुस्तकात शंभर फोटो घेतले आणि प्रत्येकाला एकच पान मजकूर दिला. तसं करा, आठवड्याला एक फोटो, एक पान, वर्षभर. त्या बावन्न पानांनी तुमची जेवढी ओळख होईल तेवढी कुठल्या डिग्रीनं होणार नाही.

आणि मत बदलायची लाज बाळगू नका. सुसान सोंटॅग या अमेरिकन लेखिकेनं सत्तरच्या दशकात लिहिलं की दुःखाचे फोटो बघून बघून माणूस बधिर होतो. २००३ मध्ये स्वतःच परत त्या मुद्द्यावर आल्या आणि मला आता हे तितकं खरं वाटत नाही असं लिहिलं. पंचवीस वर्षांनी, स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या विधानाबद्दल. मला हे धाडस पहिल्या पुस्तकापेक्षा मोठं वाटतं.

मार्था रोसलर ही अमेरिकन कलाकार मात्र वाचाच, १९८१ चा तिचा डॉक्युमेंटरीवरचा निबंध कडक आहे. तिचा मुद्दा ढोबळपणे असा की गरिबांचे फोटो काढून ते सुखवस्तू लोकांना दाखवायचे, त्यांना हळहळ वाटते, आणि व्यवस्था आहे तिथेच राहते. ती नुसती बोलली नाही. त्याआधी न्यूयॉर्कच्या बावरी भागावर, जिथे दारुडे पडलेले असायचे आणि फोटोग्राफर रांगा लावायचे, तिथे तिनं रिकामे दरवाजे आणि बाटल्यांचेच फोटो घेतले, माणूस एकही नाही, आणि शेजारी नशेसाठी वापरतात ते शब्द टाईप करून लावले. मी तिच्याशी अर्धी सहमत नाही, तरी फोटो निवडताना ती खांद्यावरून बघतेय असं वाटतं.

आता पैसे. निव्वळ समीक्षेवर घर चालवणारं मी कुणी बघितलेलं नाही. माझं शिकवणं, पुस्तकांचं संपादन, प्रदर्शनांची मांडणी, मधूनच ज्युरीचं काम, आणि लिखाण, अशी पाच चुलींवरची भाकरी आहे. दोन चुली कायम विझलेल्या असतात.

मी फक्त वाचतो:
एक बाळबोध प्रश्न. दोन चांगले फोटो एकाच घटनेचे असतील तर कुठला घ्यायचा हे ठरतं कसं? की ज्याची ओळख जास्त त्याचा?

समासातली:
ओळखीचा भाग असतोच, खोटं कशाला बोलू.

पण भोपाळचं बघा. १९८४, वायुगळतीनंतर मातीत पुरलं जाणारं ते लहान मूल, उघडे डोळे. तो फोटो रघु राय यांचाही आहे आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांचाही. एक काळापांढरा, एक रंगीत. रंगीत त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो ठरला, म्हणजे बातमीच्या फोटोंच्या जागतिक स्पर्धेत सर्वोत्तम. दोन्ही शेजारी ठेवून बसा एकदा, पण मन शांत असेल त्या दिवशी. काळ्यापांढऱ्यात मला तो चेहरा कायमचा दगडात गेल्यासारखा वाटतो, शोकाचं चिन्ह होतो. रंगीतमध्ये माती खरी माती असते आणि हे परवा झालंय असं वाटतं. दैनिकाचं पान असतं तर मी रंगीत घेतला असता, तीस वर्षांनी पुस्तक लावत असते तर बहुतेक दुसरा. कुठला चांगला हा प्रश्न तिथे येतच नाही, कुठे छापायचा, कशाच्या शेजारी, कोण बघणार, हे आधी येतं.

जुना लाईटटेबल:
शटरबंदांच्या फोटोओळीवरून राहवत नाही, थोडं लिहितो. नवीन पोरं निवडीवर जीव टाकतात आणि ओळ शेवटच्या पाच मिनिटांत. करिअर बुडतं ते ओळीनं.

२०१५ मध्ये एका इटालियन फोटोग्राफरला बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरच्या मालिकेसाठी वर्ल्ड प्रेस फोटोचं पहिलं बक्षीस मिळालं आणि काढून घेतलं गेलं. इतर बऱ्याच तक्रारी होत्या, पण बक्षीस गेलं ते एक फोटो शार्लरुआतला नसून ब्रुसेल्समधल्या मोलेनबीकचा निघाला म्हणून. फोटो खरा, गाव खोटं.

लँगचा १९३६ चा तो स्थलांतरित आईचा फोटो, जगात सगळ्यात जास्त छापला गेलेल्यांपैकी एक. लँगनं बाईचं नाव विचारलं नव्हतं. नोंदीत लिहिलं की खाण्यासाठी गाडीची टायर विकली, घरच्यांनी नंतर सांगितलं असं काही झालंच नव्हतं. चाळीसेक वर्षांनी बाई सापडल्या तेव्हा म्हणाल्या हा फोटो काढूच द्यायला नको होता. वर त्या मूळच्या चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासी, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यांना गोऱ्या गरीब शेतमजुराचं प्रतीक म्हणून छापत राहिले. एक प्रश्न विचारला असता तर, तुमचं नाव काय बाई.

आणि नाव नुसतं फोटोतल्या माणसाचं नाही. १९७२ मधला, व्हिएतनाम युद्धात नापाम या आगीच्या बॉम्बनं भाजलेल्या मुलीचा फोटो. एपी या वृत्तसंस्थेच्या सायगाव ऑफिसात काही जण म्हणत होते नग्न मूल आहे, पाठवता येणार नाही, नियम आहे. होर्स्ट फास या संपादकानं नियम बाजूला सारून पाठवायला लावला. पन्नास वर्षं आम्ही हे संपादकीय धैर्याचं उदाहरण म्हणून शिकवलं. आता वाद असा उठलाय की फोटो ज्यांच्या नावावर आहे त्या निक उट यांचा नाहीच, दुसऱ्याच एका स्थानिक फोटोग्राफरचा आहे. एपीनं तपास करून नाव बदलण्याइतका पुरावा नाही म्हटलं, वर्ल्ड प्रेस फोटोनं २०२५ मध्ये श्रेयापुढचं नाव स्थगित ठेवलं. खरं काय ते मी घरी बसून ठरवणारा कोण, पण विचार कर, भांडण कशावर चाललंय, तर त्या संध्याकाळी डेस्कवर कुणीतरी टाईप केलेल्या एका नावावर.

तेव्हा पुरवणीवाली, ३४० प्रिंटच्या मागे पेन्सिलनं लिहून घे, कोण, कुठे, कधी, आणि तिला कुणी विचारलं होतं का. मैत्रिणीला आत्ता आठवतंय, दहा वर्षांनी आठवणार नाही.

शटरबंद:
हे मात्र पटलं. फोटो छापून आल्यावर संपादकाचा फोन यायला हवा ही माझी मागणी अजून कायम आहे.

पुरवणीवाली:
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

प्रिंट मारले, जमिनीवर पसरले, घरचे उड्या मारत फिरले. नकोच्या ढिगातून खरंच पाच निघाले. एक तर नुसता डब्याचा फोटो आहे, पहाटे चारला उघडलेला, तो आता पाचव्या नंबरवर आहे आणि त्याच्याशिवाय सगळं कोसळतं. मैत्रिणीचा लाडका फोटो मी काढला, धुक्यात फाटकातून बाहेर पडणाऱ्या बायका, फार सुंदर आहे, कॅलेंडरवर शोभेल, तेच त्याचं दुखणं. दोन दिवस बोलत नव्हती. काल आली आणि म्हणाली तो नाहीये ते बरं वाटतंय पण तुला सांगणार नव्हते.

एका जागी मात्र अडकलेय. एक फोटो आहे, बाई मशीनशेजारी बसल्या बसल्या झोपलीय, तोंड उघडं, हातात अजून कात्री. सगळ्यात ताकदीचा फोटो. तेव्हा तिनं हो म्हटलं होतं, पण झोपेतला फोटो तिनं बघितलाय कुठे. समासातली म्हणतात तशी ती रोसलर खांद्यावर येऊन बसलीय.

समासातली:
मग तिला दाखवा. इतकं सोपं आहे आणि इतकं कुणी करत नाही.

युजीन स्मिथच्या जपानमधल्या मिनामाता गावावरच्या कामातला फोटो आठवा, पाऱ्याच्या विषबाधेनं जन्मतःच अपंग झालेल्या मुलीला आई अंघोळ घालतेय. १९७१ चा. त्या फोटोनं जगाला ते प्रदूषण कळलं, आईवडिलांचीही तेव्हा संमती होती. मुलगी पुढे गेली. फोटो मात्र छापून येतच राहिला, आणि एक वेळ अशी आली की घरच्यांना वाटलं आता तिला विश्रांती मिळू दे. १९९८ मध्ये आयलीन स्मिथनी, युजीनच्या तेव्हाच्या पत्नी, कामात त्या बरोबरीच्या होत्या, त्या फोटोबद्दलचा निर्णय आईवडिलांच्या हाती दिला. मी त्या फोटोवर शिकवते तेव्हा आता तो दाखवत नाही, शब्दांत सांगते. अवघड जातं, पण वर्गात इतकी शांतता दुसऱ्या कुठल्या तासाला नसते. संमती एकदा घेतली की झालं असं नसतं, हे मला त्या एका फोटोनं शिकवलं, आणि तुमच्याकडे तर बाई अजून फोनवर आहे.

पुरवणीवाली:
दाखवला. मैत्रीण घेऊन गेली, मीही गेले. बाईंनी बराच वेळ बघितला, मग हसल्या, म्हणाल्या कात्री सोडली नव्हती बघा मी. फोटो राहू दे म्हणाल्या. ओळीत कंपनीचं नाव होतं, तेवढं काढायला सांगितलं. काढलं. त्यांचं स्वतःचं नाव ठेवायचं का विचारलं तर म्हणाल्या, ठेवा की, मग कुणाचं ठेवणार.

नोकरी सोडत नाहीये, शटरबंद, काळजी नको. पण आठवड्याला एक पान सुरू केलंय, तीन झाली. पहिल्यात भिडणारा हा शब्द सहा वेळा होता.

मालिका आता चौदावर आलीय.

जुना लाईटटेबल:
शाब्बास. अजून दोन काढ.

मी फक्त वाचतो:
काका, काढ म्हणजे क्लिक कर की बाहेर काढ?

जुना लाईटटेबल:
कुठले दोन ते तिला आत्ताच दिसले असतील, तिलाच विचारा.

पुरवणीवाली:
सातवा आणि अकरावा. अकराव्यासाठी मैत्रिणीला फोन करायचाय, जरा वेळ द्या.